पाइप स्वस्त, माती महाग : ड्रेनेजच्या दुरुस्तीला एवढे पैसे का लागतात?

श्रावणातली सकाळ. वॉशिंग मशीनने धुण्याचं पाणी सोडलं आणि न्हाणीतल्या जाळीतून 'गुळ्ळ... गुळ्ळ' असा आवाज आला. मिनिटभरात तिथूनच साबणाचं करडं पाणी वर आलं, मागोमाग वास. आई म्हणाली, "तुंबलंय. पावसात व्हायचंच की." तिच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तो नऊ दिवसांनी संपला, वहीत ३८,६०० रुपयांचा हिशेब लिहून.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, गल्लीतलं, जुनं. इथे दर पावसाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या दारात खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याभोवती उभं राहून तेच बोलणं होतं : पाच-सहा हजारांच्या पाइपाला चाळीस हजार? लुटलं की हो तुम्हाला! मीही त्या घोळक्यात उभा राहून हेच म्हणत आलो. यंदा खड्डा माझा होता, त्यामुळे बिलातली एकेक ओळ समजून घ्यावी लागली. ती समजली तशी इथे मांडतो.

गटार वेगळी, ड्रेनेज वेगळं

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. रस्त्याकडेची उघडी किंवा फरशीने झाकलेली ती गटार. ती पावसाच्या पाण्यासाठी. संडास, न्हाणी आणि स्वयंपाकघराचं पाणी जमिनीखालच्या बंद पाइपातून जातं ते ड्रेनेज, म्हणजे आपण ज्याला यूजीडी (अंडरग्राउंड ड्रेनेज) म्हणतो ते. अर्ज आणि पावत्या कानडीत असतात, तिथे याला 'ओळचरंडी' म्हणतात. ओळ म्हणजे आतली, चरंडी म्हणजे गटार. हा शब्द ओळखता आला तरी कागदावरची अर्धी भीती जाते.

आणखी दोन नावं. घराच्या आवारातली विटांची चौकोनी टाकी ते चेंबर. गल्लीत मधोमध गोल झाकणाखाली असतं ते मॅनहोल, ते सार्वजनिक. चेंबरपासून मॅनहोलपर्यंतचा पाइप म्हणजे घराचं कनेक्शन. ही सगळी गोष्ट त्या दहा-बारा मीटरची आहे.

पाणी जातं ते उतारावर

नळाच्या पाण्यामागे टाकीचा नाहीतर पंपाचा दाब असतो. राकसकोप जलाशयाचं पाणी तुमच्या नळाला ढकलत आणलेलं असतं. घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या पाठीशी मात्र कोणी नाही. ते फक्त उतारावर घरंगळतं. चेंबरमधून मॅनहोलात, तिथून मोठ्या वाहिनीत आणि पुढे शहराबाहेर हलग्याकडच्या शुद्धीकरण प्रकल्पाच्या दिशेने.

म्हणून ड्रेनेजचा जीव उतारात. जुन्या गवंड्यांचा एक हिशेब आहे आणि तो आजही चालतो : चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठ फुटांत एक, नऊ इंचीला नव्वद फुटांत एक. आमची लाइन सहा इंची, ११ मीटर लांब. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सात इंचांचा फरक. एवढ्या सात इंचांवर घरच्या सहा माणसांचा रोजचा कारभार चालतो. मधली माती दोन इंच खचली तर पाइपाला पोट येतं, त्या पोटात पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात गाळ बसतो, आणि एक दिवस न्हाणी बोलायला लागते.

उतार कमी नको तसा फार तीव्रही नको. पाणी चटकन पळून जातं आणि घट्ट ऐवज मागे राहतो. आतलं पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने जावं, असं अभियंते धरतात. तेवढ्यात गाळ तळाला न बसता बरोबर वाहून जातो. नातवाचा हात धरून चाललेल्या आजीच्या चालीएवढा हा वेग. या चालीने मैला शहर ओलांडतो, यात मला तरी गंमत वाटते.

पावसातच का तुंबतं?

आपल्याकडची विसर्जन मिरवणूक आठवा. पुढचं मंडळ कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर नाचायला थांबलं की मागे रामदेव गल्लीतलं मंडळ जागेवर उभं. मागच्यांचा ट्रॅक्टर बिघडलेला नसतो, त्यांचं काही चुकलेलंही नसतं. ड्रेनेजचं असंच. अडथळा खाली असतो आणि तुंबल्याचं दिसतं वर. त्यातही सगळ्यांत खालच्या पातळीवरच्या न्हाणीत आधी दिसतं, कारण पाणी चढत चढत पहिलं भोक गाठतं ते तिथलं.

पावसाळ्यात ही मिरवणूक आपणच वाढवतो. गच्चीच्या पावसाळी पाइपाला गटार लांब पडते आणि चेंबर जवळ, म्हणून कित्येक घरांत तो सरळ चेंबरमध्ये सोडलेला असतो. हिशेब करा. १,००० चौरस फुटांची, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटरची गच्ची. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावरून सुमारे ४,६०० लिटर पाणी उतरतं. आपल्या देशात पाणीयोजना आखताना ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला परत येतं असं मानतात. पाच माणसांच्या घराचं झालं ५४० लिटर. म्हणजे एका तासाच्या पावसात एकट्या गच्चीने त्या घराचं आठ दिवसांचं सांडपाणी लाइनीत ओतलं. गल्लीतल्या दहा घरांनी हे केलं तर मॅनहोलचं झाकण नाचणारच. मग आपण त्याचा फोटो काढतो.

पाइप फुटतो तो कशाने?

जुन्या लाइनी भाजक्या मातीच्या, वरून चकचकीत झिलई दिलेल्या. आपण त्यांना चिनी पाइप म्हणतो. पाइप तसा अमर. ॲसिडला दाद देत नाही, कुजत नाही. कच्चा असतो तो सांधा. हातभर लांबीचे तुकडे सिमेंटने जोडलेले, म्हणजे दर हातभरावर एक सांधा. सिमेंटला बारीक चीर पडली की आतला ओलावा बाहेर पाझरतो आणि तो ओलावा शोधत झाडाचं मूळ येतं. उंबर, पिंपळ आणि वड यांत पहिल्या नंबरचे. केसाएवढं मूळ आत शिरतं आणि दोन वर्षांत आत शेपटीसारखा झुबका तयार होतो. आमच्या पाइपातून निघालेला झुबका हातभर लांब होता आणि त्यात एक शांपूची पुडी अगदी जपून धरून ठेवलेली होती.

दुसरं कारण माती. शहराच्या एका अंगाला तांबडी माती आणि जांभा, तर शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या बाजूला काळी माती. ज्या मातीत आपली बासमती पिकते तीच. भाताला ती सोन्यासारखी, पाइपाला मात्र वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दरवर्षी हे उचलणं-सोडणं चालू राहतं. सांधे सरकतात, उतार बिघडतो. म्हणून काळ्या मातीत पाइप नुसता चरात ठेवून भागत नाही. खाली आणि भोवती वाळूची गादी लागते, आणि ती गादी म्हणजे बिलातली आणखी एक ओळ.

सिमेंटच्या पाइपाचं दुखणं निराळं. साचलेल्या मैल्यातून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू निघतो. पाइपाच्या ओल्या छतावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ते सिमेंट खातं. पाइप वरून पोखरतो, तळ शाबूत राहतो. गाडी गेली की छत आत बसतं. रस्त्याला अचानक भगदाड पडतं त्यातली काही भगदाडं अशी असतात. आणि मग खणाखणी आहेच : आज पाण्याची लाइन, उद्या केबल, परवा गॅस. जेसीबीच्या दाताला खालचा पाइप दिसत नाही.

आता बिल उलगडू

माझ्या वहीतला हिशेब असा. पाइप, बेंड आणि जोड ५,९००. गवंडी आणि मजूर, तीन दिवस, ११,४००. जुनं चेंबर फोडून दोन नवीन बांधले, सामानासह ७,५००. जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने पाइप साफ करणारी गाडी दोनदा बोलावली, ३,०००. रस्ता खणायची फी आणि तो पुन्हा बुजवून पूर्ववत करायचा खर्च ८,३००. राडारोडा उचलायला २,५००. एकूण ३८,६००. हा एका घराचा, एका गल्लीचा आकडा. तुमचा निम्मा येईल किंवा तिप्पट. पण त्यातलं प्रमाण बघा : पाइपाचा वाटा शंभरातले पंधरा रुपये. बाकीचे पंच्याऐंशी पाइपापर्यंत पोचण्याचे आणि तिथून परत येण्याचे.

काम केलेल्या प्लंबर मामांना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पाइप कितीला पडेल? ते खाली बसून चेंबरात बघत म्हणाले, "सर, पाइप काय, दुकानात गेलं की मिळतंय. खाली खोली किती आणि वर काय घातलंय, ते सांगा आधी." सगळं बिल या वाक्यात आहे.

खोली म्हणजे काय ते मोजून बघू. ११ मीटर लांब, दोन फूट रुंद, चार फूट खोल चर. साधारण आठ घनमीटर माती, वजन तेरा-चौदा टन. ती हाताने वर काढायची, गल्लीत जागा नसते म्हणून दुसरीकडे न्यायची, पुन्हा आणून थराथराने दाबायची. खोली दुप्पट झाली तर मजुरी दुप्पट होऊन थांबत नाही. दीड मीटरच्या खाली गेलं की चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून फळ्या आणि टेके द्यावे लागतात, असं भारतीय मानक सांगतं. माती दोन टप्प्यांत वर येते. पावसाळा असेल तर चरात पाणी भरतं, पंप लागतो.

आणि वर काय घातलंय? मातीची पायवाट असेल तर कुदळ पुरते. पेव्हर असतील तर उचलून पुन्हा बसवता येतात. डांबर फोडायला सोपं, पण पुन्हा घालायला थोडकं डांबर कोणी आणत नाही. स्मार्ट सिटीच्या कामात गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या. चालायला छान, पण खालचा पाइप फुटला की कटर लावा, ब्रेकर आणा, नवीन काँक्रीट ओता आणि वर गोणपाट टाकून पाणी मारत बसा. लोकांनी आवारात हौसेने घातलेल्या ग्रॅनाइटचंही तेच. आमच्या शेजारी पोर्चमधल्या फरशा जुळत्या मिळेनात म्हणून सगळा पोर्च नवीन झाला. तो खर्च ड्रेनेजच्या नावावर गेला.

बिलात न दिसणारी तिसरी गोष्ट म्हणजे अंदाज. मामांच्या आधी आलेल्या माणसाने कांब घातली, ती अडली, आणि 'इथेच आहे' म्हणून न्हाणीच्या भिंतीलगत खणलं. तिथे पाइप धडधाकट होता. ते चार हजार मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, लाज वाटते म्हणून. मामांनी जेटिंग करून पाइपात वायरीवरचा बारका कॅमेरा सोडला. सात मीटरवर सांधा उघडा, मूळ आत आणि त्याच्या पुढे पाइपाला पोट. मोबाइलच्या पडद्यावर ते बघताना डॉक्टरकडे सोनोग्राफीला बसल्यासारखं वाटलं.

दुसरा सीमाप्रश्न : माझं कुठवर, पालिकेचं कुठून?

बेळगावकराला सीमेचा वाद समजावून सांगायची गरज नाही. हा त्यातल्या त्यात लवकर सुटणारा आहे.

गल्लीतलं मॅनहोल आणि त्याच्या पुढची वाहिनी सार्वजनिक. तुमच्या आवारातलं सगळं तुमचं. भांडण होतं ते मधल्या तुकड्यावर : फाटकाबाहेर, रस्त्याखाली, पण फक्त तुमचंच पाणी नेणारा. जमीन सार्वजनिक म्हणून तो पालिकेचा, असं आपल्याला वाटतं. पण कर्नाटकात महानगरपालिकांचा जो १९७६ चा कायदा आहे, त्याचा कल स्पष्ट आहे. घराची जोडणी आवाराच्या आत असो की बाहेर, ताबा पालिकेचा आणि दुरुस्तीचा खर्च मालकाचा. म्हणजे रस्ता खणायला परवानगी त्यांची घ्यायची आणि पैसे आपण घालायचे.

त्यामुळे खिशात हात घालण्याआधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. त्याला यंत्र लागत नाही. आपलं चेंबर भरलेलं आहे आणि मॅनहोलातलं पाणी मात्र नीट पुढे जातं आहे, तर अडथळा मधे, म्हणजे तुमचा. चेंबरही भरलेलं आणि मॅनहोलही तुडुंब, तर अडथळा पुढे, सार्वजनिक लाइनीत. अशा वेळी स्वतःच्या लाइनीवर खर्च करू नका. लेखी तक्रार द्या, फोटोवर तारीख-वेळ येईल असं बघा. मॅनहोलचं झाकण मात्र पालिकेच्या माणसांनाच उघडू द्या. त्यातून येणारा वायू जास्त असला की नाक बधिर करतो, वास कळेनासा होतो, आणि डोकावणारा माणूस आत पडतो.

"घरपट्टी भरतो ती कशाला?"

रास्त प्रश्न. माझाही होता. उत्तर असं की घरपट्टी सामायिक गोष्टींची. तुमच्या पावतीवर ग्रंथालय उपकर असतो, भिक्षुक उपकरही असतो. आपण भिक्षागृहातही जात नाही आणि खरं सांगायचं तर ग्रंथालयातही जात नाही. तसंच यूजीडीचं शुल्क मोठी वाहिनी, मॅनहोल, पंप आणि शुद्धीकरण यांसाठी. एकट्या तुमच्या घरासाठी असलेला पाइप त्यात येत नाही. जसं गल्लीतल्या विजेच्या खांबाचं काम वीज कंपनीचं, पण घरातली वायरिंग तुमची.

यात एक पळवाटही आहे, आणि ती खुशाल वापरावी. रस्ता करताना, पाण्याची नवी लाइन टाकताना किंवा कोणाच्या जेसीबीने तुमचं कनेक्शन तुटलं असेल तर तो खर्च तोडणाऱ्याचा. अडचण पुराव्याची येते. रस्त्याचं काम चालू असताना दारात उभं राहून चार फोटो काढून ठेवले तर पुढे बोलायला तोंड राहतं. काम झाल्यावर सहा महिन्यांनी तुंबलं तर कोणी ऐकत नाही.

घराच्या विम्याचं विचाराल तर, २०२१ पासूनच्या प्रमाणित 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान बसतं. पाइप जुना होऊन झिजला, मुळं शिरली, याचे पैसे मिळत नाहीत.

भाडेकरू असेल तर साधा भेद आहे. पाइप बदलणं मालकाचं, नेहमीची सफाई भाडेकरूची. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने अशीच वाटणी सुचवली आहे. तो आपल्याकडे आपोआप लागू होत नाही, पण भाडेकरारात ती ओळ घालायला कोणी अडवलेलं नाही.

भावकीतली एकच लाइन

जुन्या गल्ल्यांतला खरा तंटा इथे. एका वाड्याचे तीन हिस्से झाले, भिंती पडल्या, मीटर वेगळे झाले, पण खालची लाइन आजोबांच्या वेळचीच. फुटली की तिघंही पहिल्यांदा तिसऱ्याकडे बघतात. समान वाटणी करा, असं वडीलधारे सांगतात. रस्त्याकडेचा भाऊ म्हणतो, माझं पाणी चार मीटरच जातं, मी का देऊ?

त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. लाइनीचे तुकडे पाडा. समजा लाइन १२ मीटर आणि खर्च ३६,०००, म्हणजे मीटरला ३,०००. मागच्या घराचं पाणी सगळ्या लाइनीतून जातं, मधल्याचं शेवटच्या आठ मीटरमधून, पुढच्याचं शेवटच्या चारमधून. पहिले चार मीटर मागच्या घराचे एकट्याचे : १२,०००. मधले चार दोघांत : ६,००० प्रत्येकी. शेवटचे चार तिघांत : ४,००० प्रत्येकी. मागच्याला आले २२,०००, मधल्याला १०,०००, पुढच्याला ४,०००. बसमध्ये जसं लांबच्याचं तिकीट जास्त.

फक्त एक धोका सांगतो. हा हिशेब मी आमच्या चुलतभावाला मोठ्या उत्साहाने कागदावर मांडून दाखवला. त्याचं घर मागे आहे. तो आठवडाभर बोलला नाही. शेवटी समान वाटणीच्या जवळपास काहीतरी ठरलं आणि काकूने दोन्ही घरांना कुंदा पाठवला. गणित बरोबर असून भागत नाही.

न खणता होत नाही का? ॲसिड? माणूस उतरवला तर?

न खणता होतं, पण सगळीकडे नाही. जुन्या पाइपात राळेत भिजवलेला मऊ नळा उलटवत आत सरकवायचा, पाण्याच्या नाहीतर हवेच्या दाबाने फुगवायचा आणि गरम करून कडक करायचा. उलटा मोजा पायात घालत जावं तसं. पाइपात पाइप तयार होतो. १९७१ साली लंडनमध्ये हे पहिल्यांदा केलं गेलं आणि आता जगभर मोठ्या वाहिन्यांना ते वापरतात. घराच्या अकरा मीटरसाठी यंत्र आणि माणसं आणण्याचा खर्च मात्र खणण्यापेक्षा जास्त होतो. शिवाय पाइपाला पोट आलेलं असेल तर नवा नळाही त्याच पोटातून जातो. उतार काही सुधारत नाही.

ॲसिडबद्दल थोडक्यात : मूळ, प्लॅस्टिक, खचलेली माती यांतलं काहीच ॲसिडने विरघळत नाही. विरघळतं ते सांध्यातलं सिमेंट. आणि आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्यावर ॲसिड पडून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत. बाटलीचे शंभर रुपये वाचवा.

तिसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. कोणीतरी दोन हजारांत उतरून काढून देतो म्हणतो, तर? नाही. २०१३ च्या कायद्याने ड्रेनेज किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यास बंदी आहे, आणि ही बंदी पालिका-ठेकेदारांपुरती नाही. 'कोणतीही व्यक्ती' म्हटलेलं आहे, म्हणजे घरमालकही आला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ही रक्कम बघून नव्हे, आत काय असतं ते बघून नाही म्हणा. आमचं चेंबर फक्त तीन फूट खोल. मामांनी झाकण काढल्यावर अर्धा तास कोणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि नंतरही काम वरूनच केलं. जेटिंगचे तीन हजार मला तेव्हा कळले.

खणायला सांगण्याआधी

कपड्यांची नीळ बादलीभर पाण्यात कालवून न्हाणीत ओता आणि चेंबर बघा. निळं पाणी चटकन आलं तर न्हाणी ते चेंबर ठीक. मग संडासातून, मग स्वयंपाकघरातून. आमच्याकडे या खेळात कळलं की स्वयंपाकघराचं पाणी आपल्या चेंबरात येतच नाही, ते चाळीस वर्षं शेजाऱ्यांच्या चेंबरात जात होतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते काही बोलले नाहीत, मीही विषय वाढवला नाही. नवीन चेंबर दोन झाली ती त्यामुळे.

जेटिंग आणि कॅमेरा आधी, कुदळ नंतर. कॅमेऱ्याचं चित्रण मागून घ्या. अंदाजपत्रक मागताना लाइनीची लांबी, खोली, वरचा थर, वाळूची गादी, राडारोडा आणि रस्त्याची फी वेगवेगळी लिहून मागा. 'सगळं मिळून पस्तीस' हा आकडा ऐकायला सुटसुटीत, पण खोली अर्धा फूट वाढली की तो फुगतो आणि कशाने फुगला ते विचारता येत नाही. शक्य असेल तर काम दिवाळीनंतर काढा. चर कोरडा राहतो, मजूर मोकळे असतात. तुंबलंय ते आता आणि दिवाळी तीन महिन्यांवर, तर जेटिंग करून तेवढे दिवस निघतात का ते बघा, पुष्कळदा निघतात.

पाइप बसल्यावर, माती ओढण्याआधी, स्वतः खाली वाकून दोन गोष्टी बघायच्या. गवंड्याची पाण्याची नळी दोन्ही टोकांना धरून उतार मोजून घ्यायचा. मग खालचं टोक बंद करून लाइन पाण्याने भरायची आणि चहा पिऊन यायचं. पातळी उतरली तर सांधा गळतोय. माती पडल्यावर हे बघायचं तर पुन्हा तेरा टन.

आमची माती ओढायच्या आधी मामांनी एक काम केलं ते मी सांगितलंही नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीवर आतल्या बाजूने तेलरंगाने एक बाण काढला आणि खाली लिहिलं : '११ मी., ६ इंची, खोली ४ फूट, बेंड ७ मी. वर.' भिंत नुकती रंगवलेली, आईला ते बघवेना. दोन दिवसांनी मागचा चुलतभाऊ मोबाइल घेऊन आला, भिंतीचा फोटो काढला आणि म्हणाला, "मामांचा नंबर दे की. आमच्या भिंतीवर पण काढून घ्यायचंय."